बाळचं पाळण्यातलं नाव

घाटकोपरच्या भटवाडीत बाळ सावंताला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. लहानपणी बाळ, कंपनीत बाळ्या, आता साठी उलटल्यावर बाळकाका. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, पण याचं नाव काही मोठं झालं नाही. पाळण्यातलं नाव अनंत. आईसुद्धा बाळच म्हणायची. अनंत म्हणणारी एकच होती, जयंती.

जयंती समोरच्या खोलीतली. "बाळ काय म्हणायचं रे तुला? झोके देऊ?" असं चिडवायची आणि जिन्यात गाठून हळूच अनंत म्हणायची. पुढे तिला दहिसरचं स्थळ आलं. "अनंत, बोल ना काहीतरी," ती म्हणाली. अनंताच्या तोंडाला कुलूप. लग्नात पंगत वाढायला मात्र बाळ सगळ्यात पुढे! स्वतःचं लग्न त्याने कधी मनावर घेतलं नाही. परत एकदा, निदान एकदा तिने त्या नावाने हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं. हसू नका, माणसाला असते अशी भूक.

परवा शेजारच्या श्रुतिकाने त्याला सिनेमाचं तिकीट काढून दिलं. "जा हो काका, घरात बसून भिंतींशी किती बोलणार? कॉमेडी आहे. जुने प्रेमी अचानक भेटतात."

सिनेमा भिकार निघाला. विनोद कालच्या भज्यांसारखे. पंचवीस वर्षांनी विमानतळावर नायिकेने नायकाला नुसत्या पाठीवरून ओळखलं आणि त्याचं नाव घेत धावत सुटली. "असं कुठे असतं काय!" बाळ पुटपुटला आणि त्याने गुपचूप डोळे पुसले.

मध्यंतरात तो समोशाच्या रांगेत उभा राहिला, तर दोन माणसं सोडून पुढे जयंती! केस पांढरे झालेले, पण मान वळवायची लकब तीच. तेव्हा गप्प बसलो, आता नाही, असं ठरवून तो रांग मोडून पुढे गेला.

"जयंती, मी अनंत."

"कोण अनंत?"

"भटवाडी. समोरची खोली."

"समोर तर... अय्या, बाळ! बाळ ना रे तू? मग सरळ बाळ सांग की! मेल्या, केवढा वाळलास!"

ती मनापासून हसली. तिला खरंच आनंद झाला होता, त्यात काडीची खोट नव्हती, आणि तेच बाळला जास्त लागलं. तिने बाजूला उभ्या असलेल्या आपल्या लेकीला ओढून पुढे केलं. "गंधाली, हे आमच्या चाळीतले बाळमामा. माझ्या लग्नात अख्खी पंगत यांनी वाढली."

गंधाली भर रांगेत वाकून पाया पडली. मामाने आशीर्वादही दिला.

उरलेला सिनेमा त्याने जागेवर बसून पाहिला. शेवटी त्या दोघांचं लग्न लागलं, तोवर अर्धी माणसं उठून गेली होती.

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा श्रुतिका दारातच उभी होती. "काय बाळकाका, कसा होता पिक्चर?"

"मध्यंतरापर्यंत बरा होता गं," तो म्हणाला आणि खिशात किल्ली शोधायला लागला.