आधी वाचन, मगे चूल
तांदळाची भाकरी करपल्याचा वास आला की मला सासरची ती सकाळ आठवते. ब्याऐंशी साली लग्न होऊन मी मालवणजवळच्या एका ख्रिस्ती घरात आले. रोज सकाळी पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक उतारा वाचायचा आणि त्यावर थोडा वेळ शांत बसून मनन करायचं, ही सवय मी नुकतीच लावून घेतली होती. एकदा चुलीपाशी वाचता वाचता तव्यावरची भाकरी जळाली. सासूबाईंनी पुस्तक माझ्या हातून ओढून क्रुसाखालच्या उंच फळीवर ठेवलं. "शास्त्र वाचूचा काम पाद्रीचा, सुनेचा काम चुलीकडे!" दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवलीच नाही. स्टुलावर चढून पुस्तक काढलं आणि ओटीवर सगळ्यांसमोर बसले. सासरे होडीवर निघायच्या घाईत होते, नवरा मान खाली घालून जाळं आवरत होता. "भाकरी खंय आसा गो?" सासूबाई ओरडल्या. "मिळतली. आधी वाचन, मगे चूल," म्हणत मी मोठ्याने वाचू लागले. उतारा असा होता: प्रभू येशू दोन बहिणींच्या घरी येतो, एक बहीण स्वयंपाकात राबते, दुसरी त्याच्या पायाशी ऐकत बसते, आणि तो त्या बसलेलीचीच बाजू घेतो. "ह्या खराच लिवलला आसा, काय तूच रचतंस?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "रविवारी पाद्रीक विचारा." त्यांनी खरंच विचारलं, आणि त्यानंतर माझ्या वाचनाच्या आड कोणी आलं नाही. आजही माझ्या घरात सकाळचा पहिला मान वाचनाचाच आहे. तोवर कोणाला चहा हवाच असेल, तर त्याने उठून स्वतः करून घ्यावा.