टाकीतल्या गोगलगायी

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगवायू झाला आणि त्यांची खाट वडवणीतल्या आमच्या बैठकीत आली. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. दिवसभर भिंतीकडे बघत पडायचे. नवऱ्याने बीडहून माशांची काचेची टाकी आणली, खाली रेती आणि त्यात हिरवीगार रोपं. मामांची मान टाकीकडे वळली. मला तेवढाच आधार वाटला, आणि तेव्हापासून टाकीचं काही बिघडलं तर, ही धास्ती बसली.

रोपांबरोबर गोगलगायींची अंडी आली असणार. आधी एक दिसली, मग काचभर झाल्या. कारण मला ठाऊक होतं. मामांना भेटायला आलेला प्रत्येक जण जाताना माशांना कणकेची गोळी टाकायचा, देवळाच्या कुंडात टाकतात तशी. पुण्यकर्माला नाही कसं म्हणणार? उरलेलं तळाशी कुजायचं आणि त्यावर गोगलगायी पोसायच्या. मी हसून चहा द्यायचे आणि पाहुण्यांची पाठ वळताच नळीने कणीक ओढून काढायचे. "गोगलगाय अन् पोटात पाय," नवरा मला चिडवायचा.

तोच एकदा म्हणाला, "मोरचूद टाक की चिमूटभर, गोगलगायी मरतील."

"अन् मासे मेले म्हंजी? मामांनी काय बघावं मग?" मी खेकसलेच.

शेवटी शेतातलाच उपाय केला. सोयाबीन उगवलं की मामा गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाकडेने अंथरायचे आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात बुडवायचे. शिव्या देत. मी संध्याकाळी टाकीत काकडीची चकती सोडायचे, सकाळी गोगलगायींनी लगडलेली बाहेर काढायचे. काच स्वच्छ होत गेली.

आणि मामांनी तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवलं. घास घेईनात. डॉक्टर म्हणाले, तब्येत होती तशीच आहे. मग हे काय होतं? मी रोज त्यांचा श्वास बघायचे आणि काकडी उचलायचे.

एका सकाळी चकती उचलली तेव्हा मामांच्या घशातून आवाज आला. डाव्या हाताने त्यांनी माझा पदर धरला.

"ऱ्हाऊ... दे."

आजारपणातला पहिला शब्द. मासे झपकन निघून जायचे, मामांच्या नजरेला ते सापडतच नव्हते. गोगलगायीच्या मागे मात्र डोळा जाऊ शकत होता. मी चकती परत पाण्यात सोडली. एक गोगलगाय काचेवर चढू लागली, तिच्यामागे मामांची नजर चढू लागली, आणि मला रडू आवरेना.

पाहुण्यांची कणीक मी अजूनही काढते. पण सकाळी उठले की आधी काचेशी जाते. एखादी तरी चालतेय ना, तेवढं बघते.