डावीकडचा दिवा

योसेफची मान ताठ. देवळाली प्रवरात नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, ड्रायव्हरला भारी घमेंड दिसते. घमेंड कसली! उभा जन्म ट्रक हाकून मानेचे मणके असे धरले होते, की मागून हाक मारली तर अख्खा माणूस फिरायचा. ट्रक सुटला तेव्हा तो भाड्याची मोटार चालवू लागला. कुणाला शिर्डीला ने, कुणाला नगरच्या दवाखान्यात. पण गाडीच्या डाव्या अंगाला आरशात न दिसणारा जो पट्टा असतो, त्याची त्याला धास्ती बसली होती. तिथं कुणीतरी आहे आणि आपण त्याला चिरडणार, असं सारखं वाटायचं.

म्हणूनच त्यानं ही गाडी घेतली. बाजूला कुणी आलं की हिच्या आरशात पिवळा दिवा लागायचा, आणि वळायचा सिग्नल दिलेला असला तर टुंगटुंग वाजायचं. गॅरेजवाल्या भिमाजीनं बजावलं होतं, "मामा, हिचे डोळे मागच्या बंपरच्या आत हायेत. वरनं काय चिटकवू नगा." योसेफ व्हय व्हय म्हणाला आणि घरी सांगायचं साफ विसरला.

उसाचा हंगाम सुरू झाला. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालू लागले. योसेफची मुलगी सिल्व्हिया राहुरीला नर्स होती आणि स्कूटीवर एकटी घरी यायची. ती येईपर्यंत बाप दारात उभा राही. मग त्यानं नेमच केला: संध्याकाळी राहुरीच्या स्टँडवर तिची वाट बघायची, आणि तिनं त्याच्या गाडीच्या आडोशानं मागं मागं यायचं. मधेच ती बाजूला आली की दिवा लागे. आली माझी पोर, असं तो मनात म्हणे आणि बिनघोर होई.

पोरीलाही बापाची काळजी होतीच. शेजाऱ्यांच्या ट्रॉलीला लावून चकचकीत रेडियमच्या पट्ट्या उरल्या होत्या. मागून येणाऱ्याला पप्पांची गाडी दिसावी म्हणून तिनं रविवारी चर्चमधून आल्यावर त्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांवर चिकटवल्या. योसेफला केवढं कौतुक वाटलं! भिमाजीचं बोलणं त्याला आठवलंसुद्धा नाही.

सोमवारी दिवेलागणीला दोघं निघाले. गाडीनं समोर इंग्रजीत काहीतरी लिहून दाखवलं. चिखल उडाला की ती तसं दाखवायचीच, म्हणून योसेफनं बटण दाबून ते घालवलं. देवळालीचा फाटा आला. त्यानं डावीकडचा सिग्नल दिला. आरशात दिवा नव्हता, टुंगटुंग नव्हती. पोरगी मागं असणार, असं समजून त्यानं चाक वळवलं.

धाडकन आवाज झाला. आरसा मिटला. "पप्पा!" अशी किंकाळी आली आणि मधेच तुटली.

योसेफनं ब्रेक दाबला. मागं बघायला मान वळेना. मधल्या आरशात नुसता धुरळा. दार उघडायचं कसं तेही सुचेना. देवा, नको, एवढंच तोंडातून येत होतं. शेवटी तो कसाबसा उतरला आणि गाडीला धरत धरत मागं गेला.

स्कूटी आडवी पडली होती. सिल्व्हिया उसाच्या कडेला मातीत बसली होती. कोपर सोलवटलं होतं, बाकी धड होती. "मागनं ट्रॉली अंगावर आली, म्हनून तुमच्या बाजूला घुसले," ती म्हणाली. "दिवा न्हाई लागला का, पप्पा?"

योसेफनं वाकून पाहिलं. मोबाईलच्या उजेडात बंपरवरची पट्टी लखलखत होती. गाडीच्या डोळ्यांवरच ती बसली होती; भिमाजीचे शब्द आत्ता आठवले. तो खाली बसला आणि नखांनी पट्ट्या खरवडू लागला.

"अवो, मी लावल्यात त्या!"

"वाकड्या लागल्या हुत्या," तो म्हणाला. त्यानं उरलेली पट्टी ओढून काढली.

मिटलेला आरसा उघडून पुन्हा निघाले. ती बाजूला आली तसा आरशात दिवा लागला, पहिल्यासारखाच पिवळाधमक. पण योसेफच्या मनात आलं, उद्या नाही लागला तर? त्यानं गाडी थांबवून काच खाली केली.

"तू म्होरं हो."

"मागनं येते की, रोजच्यावानी."

"न्हाई. म्होरं चल. मला दिसशील अशी."

मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. योसेफ स्कूटीच्या चालीनं गाडी हाकत राहिला. तिच्या मागच्या लाल दिव्यावरची नजर त्यानं घर येईपर्यंत काढली नाही.