निलेशभाई लीड झाले तेव्हा

कॉम्प्युटर भरला की जुन्या फायली उडवता येतात. किश्श्यांचं तसं होत नाही. एक सांगावा तर त्याला चिकटून दुसरा येतो, आणि चहाच्या लारीवर कुणीतरी ‘चला, कामं पडलीत’ म्हणेपर्यंत तिसरा सुरू झालेला असतो! आमच्या ऑफिसचे तर इतके साठलेत की नवीन माणूस आला की त्याला आधी किस्से ऐकवतो, मग पासवर्ड देतो.

ऑफिस सुरतेत, उधन्यात. खाली एम्ब्रॉयडरीची मशीनं, वर आम्ही. मशीनं सुरू झाली की ग्लासातलं पाणी थरथरतं. आम्ही कापडमिलांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे बाकीचे लिहितात आणि मी त्यातल्या चुका शोधते. त्यामुळे माझ्यावर कुणाचं फारसं प्रेम नाही, पण माझ्याशिवाय चालतही नाही.

*

मालक भावेशभाई. साडीच्या धंद्यातून इकडे आलेले. प्रोग्रामिंगचं एक अक्षर येत नाही आणि ते लपवतही नाहीत. मराठी मात्र बोलतात, उधन्यात राहून जशी येते तशी.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात ऑफिसची किल्ली ठेवली. मी घाबरलेच.

“भाई, मी तर आजच आले!”

“अरे, म्हणून तर देतो! जुन्या लोकांकडे तर हायच!”

*

भावेशभाई ‘झालं का?’ असं कधी विचारत नाहीत. एकदा मी बुधवारी काम देते म्हणून बसले आणि ते काही संपेना. मंगळवारी ठरवलं, आज भाईंनी विचारलं की गुरुवार मागून घ्यायचा. भाई आले, पंख्याचा स्पीड वाढवला, गेले. दुपारी पुन्हा आले, माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, गेले. शेवटी जीव तोडून मी बुधवारीच काम दिलं आणि चिडून विचारलं, “भाई, तुम्ही काल एकदाही विचारलं का नाही?”

“विचारला असता तर तू गुरुवार बोलली असती ने!”

*

अशा माणसानं निलेशला टीमचा लीड केलं. निलेश नवागामचा, माझ्याच बरोबरचा, कोड लिहिण्यात एक नंबर. पण लीड झाला आणि त्याचा विश्वास फक्त स्वतःवर उरला. कुणी काही लिहायला लागलं की हा खुर्चीच्या मागे उभा! कालपर्यंत आम्ही त्याला नुसतं निलेश म्हणायचो, आता हर्षाली मुद्दाम ‘निलेशभाई’ म्हणायला लागली.

हर्षाली आमच्यातली सगळ्यात हुशार प्रोग्रामर आणि सगळ्यात तिखट जिभेची. निलेश ग्रुपवर दर तासाला मेसेज टाकायचा, ‘कुठपर्यंत आलं?’ एका दुपारी हर्षालीनं उत्तर दिलं, ‘लोचो खातेय. अर्धा झालाय.’

निलेशचा लगेच उलटा मेसेज, ‘बाकीचा कधीपर्यंत होईल?’

*

बरं, हे फक्त ऑफिसात नव्हतं. एकदा त्यानं कामाच्या मध्येच घरी फोन लावला, गॅस बंद केलास का म्हणून आईला विचारायला. चुकून स्पीकर सुरू राहिला आणि काकूंचा खणखणीत अहिराणी आवाज सगळ्या ऑफिसभर!

“तू नव्हता तवयपाईन मीच गॅस बंद करस ना रे भाऊ!”

त्या दिवशी खालच्या एम्ब्रॉयडरीवाल्यांनाही आमचं हसू ऐकू गेलं असणार.

*

मग निलेशनं एक सॉफ्टवेअर शोधून काढलं. प्रत्येकाच्या स्क्रीनचा गुपचूप फोटो काढणारं. भावेशभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“लाव ने. पण पहिला माझ्या कॉम्प्युटरमध्ये लाव.”

दुसऱ्या दिवशी निलेशनं फोटो उघडले. सकाळी पत्त्यांचा गेम. दुपारी पत्त्यांचा गेम. संध्याकाळी पत्त्यांचा गेम, आणि त्यातही भाई हरत होते! खरं तर त्याच दिवशी, पत्ते लावता लावता, फोनवर बोलून भाईंनी इच्छापोरच्या मोठ्या रंगाई मिलचं काम मिळवलं होतं.

“आता बोल,” भाई म्हणाले, “काल मी काम केला की नाय केला?”

निलेशनं ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. सवय तेवढी राहिली.

*

इथून पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्या मिलचा माल बाहेर सोडण्याचा सगळा प्रोग्राम हर्षालीनं जीव लावून लिहिला. एका रविवारी निलेशनं तिला न विचारता तिची एक अख्खी स्क्रीन पुसून स्वतः नव्यानं लिहिली. सोमवारी हर्षालीनं ती बघितली. भांडली नाही, एक टोमणासुद्धा मारला नाही. संध्याकाळी तिनं राजीनामा दिला. पुण्याची एक कंपनी तिला कधीची बोलावत होती.

“मिलमध्ये प्रोग्राम सुरू करून देते,” ती म्हणाली. “शनिवारी तो सुरू झाला की माझं काम संपलं. रविवारी पुण्याला जाते.”

भावेशभाईंनी निलेशला आत बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मलाही ऐकू आलं. “तिला थांबव, असा मी नाय बोलत. पण तुझ्यामुळे अशी पोरगी जात असेल, तर लीड मी दुसऱ्याला करणार. कोड तू लिही, मस्त लिहितो.”

निलेश बाहेर आला तो सरळ खुर्चीवर जाऊन बसला. मला त्याचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. तो वाईट नाही हो! त्याला फक्त दुसऱ्याच्या हातातलं काम बघवत नाही.

*

आणि आता तो शनिवारचा किस्सा, जो आम्ही नेहमी शेवटी सांगतो.

इच्छापोरला मिलमध्ये आम्ही तिघं, निलेश, हर्षाली आणि मी. सकाळभर सगळं सुरळीत. दुपारी गाडी भरून गेटवर उभी राहिली आणि हर्षालीच्या प्रोग्रामनं एक लॉट अडवला. रंगवलं की कापड थोडं आटतं, त्यामुळे आत आलेल्या मीटरपेक्षा बाहेर जाणारे मीटर कमी भरायला हवेत. इथं जास्त भरत होते!

मिलचे शेठ तापले. “सॉफ्टवेअर गलत है! गाडी खडी है मेरी!” मग निलेशकडे वळले. “तू लीड है ना? खोल इसको.”

निलेशच्या पासवर्डनं अडवलेला लॉट सोडता येत होता. त्यानं हर्षालीकडे पाहिलं.

“प्रोग्राम बरोबर आहे,” ती म्हणाली. “गाडीत दुसऱ्या कुणाचे तरी कापडाचे ताके आलेत.”

मला वाटलं, आता हा तिला उठवणार आणि स्वतः कोड उघडून बसणार. निलेशनं लॅपटॉपला हातसुद्धा लावला नाही.

“शेठ, गाडी रिकामी करा.”

“और इसका प्रोग्राम गलत निकला तो?”

“हर्षाली है ना यहाँ. वो जो बोलेगी, वही,” तो म्हणाला आणि सरळ गेटबाहेर निघून गेला.

हर्षाली त्याच्या पाठीकडे बघतच राहिली. “ताई, हा खरंच गेला? एकदा बघायचं तरी ना!” आणि तिनं स्वतःच सगळे आकडे पुन्हा तपासायला घेतले.

हमालांनी गाडी रिकामी केली. तळाशी दुसऱ्याच व्यापाऱ्याचे ताके निघाले. शेठनी हर्षालीसाठी खुर्ची मागवली. पण ती बसली नाही. आम्ही दोघी निलेशला शोधायला निघालो.

हजिरा रोडच्या पलीकडे एका चहाच्या लारीवर तो सापडला. बाकड्यावर, स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला. समोरच्या चहावर जाड साय. आम्हाला बघून तो उठला.

तेवढ्यात चहावालाच पुढे झाला. त्याच्या हातात निलेशचा फोन होता.

“बेन, इस भाईने खुद मेरे को दिया. बोला, मैं माँगूँ तो भी मत देना. तब से माँगे जा रहा है. अब दूँ क्या?”

हर्षालीनं निलेशकडे पाहिलं. मग चहावाल्याच्या हातातून फोन घेतला, स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

“सोमवारी देईन,” ती म्हणाली. “ऑफिसात.”