मोटारीचं पाणी आणि मूठभर भंडारा

देवाधर्माचं लिहायला मी काही कीर्तनकार नाही. अक्षरं मला लग्नानंतर ह्यांनीच शिकवली, तीही चुलीपुढं बसून. तरी लिहिते, कारण त्या दिवशी देवीवरचा माझा विश्वास पार उडायला आला होता.

हे मंद्रूपला शाळामास्तर होते. अंतर्गळ जुना होता, पट्टा बांधून दिवस काढायचे. त्या उन्हाळ्यात एका सकाळी आतडं जांघेत उतरलं ते अडकूनच बसलं. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, आणि कधी आवाज न चढवणारा माणूस उशी चावायला लागला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बाई, हे माझ्या हातातलं नाही. दिवस मावळायच्या आत सोलापुरात शस्त्रक्रिया व्हायला हवी, नाहीतर आतडं सडेल. आणि ह्यांच्या तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालू नका." बैलगाडीनं दिवस रस्त्यातच गेला असता. पण तो बाजाराचा दिवस होता, आणि सोलापूरच्या नवी पेठेतले एक कापडवाले शेठ मोटार घेऊन आले होते. त्यांनी एका शब्दावर मोटार दिली, ड्रायव्हर हुसेनभाई दिला, आणि आपण बाजारातच मागं राहिले.

मला वाटलं, आता सुटलो. कशाचं काय! थोडं अंतर गेलो नाही तोच पुढून वाफ फुसफुसायला लागली. हुसेनभाईंनी फडकं धरून इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं, तर आत पाणी निम्म्यावर. ते गाडीखाली शिरले, नळ्या चाचपल्या, टाकीवरून हात फिरवला. खालची माती कोरडी ठणठणीत.

"माँजी, गळ्यापर्यंत भरलंवतं की! लई दिवस हेच चाललंय. पाणी जातंय, पण कुटं जातंय ते दिसत न्हाय. शेठ बोलते, हुसेन भरायलाच इसरतो."

डब्यात होतं ते पाणी ओतून आम्ही पुढं निघालो. माझी कुलदेवी करमाळ्याची कमळाभवानी. मी डोळे मिटून तिला एकच सांगत सुटले, आई, टाकीतलं पाणी टिकू दे. नवस बोलले. उपास बोलले. ओटी बोलले. आणि माळावर, जिथं विहीर दिसेना की झाड दिसेना, तिथं मोटार पुन्हा धापा टाकत थांबली. डबा रिकामा, टाकी रिकामी, आणि माझ्या तांब्याएवढ्या पाण्यानं तिचं काय भागणार! ह्यांचा हात माझ्या हातात होता, तो गार पडत चालला होता. खरं सांगते, त्या वेळी मी देवीला रागानं म्हटलं, एवढंसं मागितलं, तेवढंही तुला होईना? जा, आता मी काही मागत नाही.

मग मेंढरांची धूळ दिसली. म्हातारा धनगर, खांद्यावर घोंगडं, घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं. त्यानं आत वाकून ह्यांच्याकडं पाहिलं, काही न विचारता घोड्यावरची घागर उतरवली. इंजिन थोडं निवल्यावर हुसेनभाईंनी ती टाकीत ओतली. त्या माळावर भरली घागर म्हणजे काय, ते आमच्या दुष्काळी मुलखालाच ठाऊक. मी हात जोडले, तोवर म्हाताऱ्यानं कमरेच्या पिशवीतून मूठभर भंडारा काढला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणाला, आणि सगळी हळद टाकीच्या तोंडात सोडून दिली.

हुसेनभाई किंचाळले, "अरे बाबा, ये क्या किया! इंजनात हळद?"

"का रं? नवरदेवाला लावत्यात, मेंढराच्या जखमंवर लावत्यात. तुझं इंजन त्याहून नाजूक हाय व्हय?"

"बिघडलं तर शेठ माझं काय करंल?"

"मला बलाव. मी सांगतो त्याला."

वेदनेत हे खुदकन हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

पुढं निघालो. सीना नदी जवळ आली असेल-नसेल, तोच पुन्हा वाफ. मी मात्र या वेळी काही मागितलं नाही. हुसेनभाईंनी झाकण उघडलं, इंजिनावर वाकले, आणि ओरडले, "माँजी, या, बघा! चोर घावला!"

इंजिनाचे दोन लोखंडी भाग एकावर एक बसवलेले असतात. त्या सांध्यावर पिवळी रेघ उमटली होती. पाणी तिथून झिरपत होतं, पण तापल्या लोखंडावर जागच्या जागी वाळायचं, जमिनीपर्यंत पोचायचंच नाही. आता पाणी वाळलं आणि हळद मागं राहिली. मोटार निवेपर्यंत थांबलो. मग हुसेनभाईंनी पाना घेऊन तिथले नट एकेक करून आवळले. प्रवासात प्यायला घेतलेलं माझ्या तांब्यातलं पाणी तसंच होतं, ह्यांना द्यायचंच नव्हतं ना. ते टाकीत ओतलं, आणि हळूहळू चालवत सोलापूर गाठलं. ऊन अजून भिंतींवर होतं.

शस्त्रक्रिया आटोपून तिथले डॉक्टर बाहेर आले तेव्हा म्हणाले, आतडं काळं पडायला लागलं होतं, पण गरम फडक्यानं शेकल्यावर रंग परत आला, कापावं लागलं नाही. मी तिथंच जमिनीवर बसले आणि पोटभर रडले.

त्या धनगराला मी पुढं पुष्कळ शोधलं. कुणी म्हणालं, कळप कर्नाटकात उतरला. तो कोण होता याचा वाद मी कुणाशी घालत नाही. हे म्हणायचे, "हुसेननं नट आवळले, डॉक्टरांनी आतडं सोडवलं, तुझ्या देवीनं काय केलं?" मला एवढंच कळलं, की मी सारखी पाणी राहू दे म्हणत होते, आणि आमची वाट मोकळी झाली ती पाणी गेल्यानं. माझं ऐकलं असतं तर? पाणी कुठून झिरपतंय हे कळलंच नसतं, आणि पुढं कुठंतरी मोटार कायमची बसली असती. म्हणून आता देवीपुढं बसले की काय हवं ते सांगते. कसं दे, ते सांगत नाही.

हे बरे होऊन घरी आल्यावर मी ह्यांना हे बोलून दाखवलं. ह्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "सुटली की गं बिचारी देवी. आता मलाही तेवढं सोड."