भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं चित्र

साठच्या दशकात दुबईच्या खाडीकाठी एका दुकानात मी दोरखंड, खिळे आणि रंगाचे डबे विकत होतो. गिऱ्हाईक म्हणजे गलबतवाले. एके दिवशी एक उंच, वाकलेला अमेरिकन म्हातारा आला आणि जवसाचं तेल मागू लागला. मला वाटलं, या वयात हा गलबत रंगवतोय की काय. तर तो चित्रकार निघाला.

बायको वारल्यावर तो मुलीकडे आला होता. जावई तेलकंपनीत, मुलगी मेजवान्यांत, म्हातारा खाडीवर. दुपारी दुकान बंद झालं की मी त्याच्याजवळ जाऊन बसायचो. उभा जन्म त्याने कॉलेजात चित्रकला शिकवली होती, म्हणून मी त्याला मास्तर म्हणू लागलो. तरुणपणी न्यूयॉर्कला त्याचं प्रदर्शन भरलं, पेपरात कौतुक आलं. पुढे वारं फिरलं. लोकांना रंगाचे फराटे आवडू लागले आणि हा आपला गावाकडची धान्याची कोठारं, रिकामे रस्ते काढत राहिला. फराटे मारणारे त्याचेच विद्यार्थी, ते नावारूपाला आले. मास्तरची चित्रं कॉलेजच्या तळघरात भिंतीकडे तोंड करून रचून ठेवली गेली. हे तो हसत सांगायचा, राग मला यायचा.

त्याच्या चित्रांत माणूस नसायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "माणसं थांबत नाहीत."

"मी थांबतो," मी म्हटलं. मला जायचं तरी कुठे होतं?

त्याने माझा चेहरा रंगवला. कुणी इतका वेळ माझ्याकडे पाहिल्याला वर्षं झाली होती. त्या गावात मला दिवसभर ऐकू यायचं ते फक्त 'यल्ला', म्हणजे चल, आटप, आणि 'खलास'. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

चित्र मी खोलीत लावलं. खोलीत आम्ही सगळे रत्नागिरीकडचे. आमच्यातले वडीलधारे चाचा म्हणाले, "तसवीर समोर ठेवून नमाज कशी पढायची? फिरव ती." आमच्या घरांतून हे नेहमीचंच. नमाजेपुरतं चित्र भिंतीकडे वळवायचं, मग पुन्हा सरळ करायचं.

एका शुक्रवारी मास्तर न सांगता आला, हातात केळी घेऊन. नमाज नुकतीच झाली होती, चित्र अजून सरळ करायचं राहिलं होतं. तो भिंतीकडे पाहतच राहिला. मग केळी खाली ठेवली, "आय सी" म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर तो खाडीवर दिसेना. मला जेवण गोड लागेना. शेवटी त्याच्या मुलीच्या बंगल्यावर गेलो आणि तो फाटकाशी येताच माझं दुकानी इंग्रजी सोडलं, "सर, नो इन्सल्ट. नमाज टाइम, फेस प्रॉब्लेम. नमाज खलास, फेस बॅक."

त्याने मला दोनदा ते सांगायला लावलं. मग फाटकाला धरून उभा राहिला. म्हणाला, "मला वाटलं, इथेही तळघरच."

दुसऱ्या दिवशी तो खाडीवर आला. मला पाण्याकडे तोंड करून बसवलं आणि मागून माझं चित्र काढलं. "हे फिरवावं लागणार नाही," म्हणाला. उन्हाळा लागला तसा तो मायदेशी गेला. पुन्हा त्याची खबर आली नाही. दुपारी मी एकटाच त्या जागी जाऊन बसायचो.

रजेवर गावी जाताना ते पाठमोरं चित्र मी बायकोसाठी नेलं. चेहरा असलेलं दुबईतच, चाचांकडे सांभाळायला दिलेलं, त्यांच्या पेटीत राहिलं. तिने चित्र ओटीवर उजेडात नेलं आणि बराच वेळ पाहिलं. चेहरा नाही म्हणून ती खट्टू झाली असेल, असं वाटून मी सारवासारव करू लागलो.

"चेहरा कशाला हवा," ती म्हणाली. "तुमची पाठच ओळखीची आहे. दर खेपेला बंदरावर उभ्या राहून आम्ही तीच तर बघतो."