टिटवीची चार अंडी

तळ्याकाठच्या पायवाटेवर टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत होती. खडीत तिची चार अंडी होती आणि दोन हातांवर माणसं पेव्हर ब्लॉक बसवत होती.

"मॅडम, तुम्हालाच चालायला सोपं व्हावं म्हणून करतोय," मुकादम म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी या मातीवरून चालतेय, सोपं कुणी मागितलं होतं? मग आठवलं, चिखल होतो म्हणून आम्ही केलेल्या अर्जावर माझीही सही होती. राग आणखीच भडकला. मी अंड्यांपुढे वाटेतच बसले.

"उठा."

"पिल्लं निघेपर्यंत इथं काम होणार नाही."

पुटपुटत त्यानं माणसं पलीकडच्या काठाला नेली. टिटवी मात्र माझ्याच डोक्यावर झेपावत राहिली. तिचं काय चुकलं?